ऑपरेशन चालू असताना सर्जन सगळ्यांसमोर ओरडतात, तेव्हा स्क्रब नर्सने (सर्जनच्या हातात हत्यारं देणाऱ्या नर्सने) काय करावं?

ओरडण्याला तिथे उत्तर देऊ नका, पण पेशंटच्या जिवाचा प्रश्न असेल तर गप्पही बसू नका. "सर, एक मॉप कमी आहे, पोट बंद करण्याआधी परत मोजू या," असं मोठ्याने, नेमकं सांगा (मॉप म्हणजे रक्त टिपायचं कापड). ऐकलं नाही तर पुन्हा सांगा आणि भूलतज्ज्ञांना, इन्चार्ज सिस्टरांना मध्ये घ्या. हा उद्धटपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्टमध्येच मॉप, सुया, हत्यारांची मोजणी पूर्ण झाल्याचं नर्सने तोंडी सांगायचं असतं. सर्जनच्या वागण्याबद्दल त्यांच्याशी केस संपल्यावर, एकांतात बोला. मात्र हत्यार फेकणं, शिवीगाळ किंवा लैंगिक शेरेबाजी झाली तर चर्चेत वेळ घालवू नका: त्याच दिवशी मेट्रनकडे लेखी तक्रार द्या, लैंगिक छळ असेल तर अंतर्गत समितीकडे.