राउटर भिंतीवर कुठं लावू?

प्रश्न: आमचं घर मंगळवार पेठेत, जुनं, दगडी भिंतींचं. फायबरवाल्यानं राउटर दारामागं छताजवळ ठोकलाय, बोर्ड खाली, वायर लोंबतीय. आतल्या खोलीत रेंज नाही आणि लाईट गेली की नेट पण जातंय. काय करू?

उत्तर: दादा, सगळ्यात आधी तो दारामागनं काढा. दगडी भिंत सिग्नल खाते, वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तर एका भिंतीतच दमतो, २.४ चा जरा लांब जातो पण स्पीड कमी, म्हणून मधल्या खोलीत माणसाच्या डोक्याच्या जरा वर लावा, फ्रिज, आरसा, लोखंडी कपाटापासनं लांब. फायबरची वायर कोपऱ्यात करकचून वाकवू नका, आतली काच मोडती. आता वायरचं. ॲडॉप्टरची बारीक वायर कापून दहा-पंधरा फूट वाढवायचा उद्योग करू नका, व्होल्टेज पडतं आणि राउटर सारखा रिस्टार्ट होत बसतो, त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडनं राउटरच्या शेजारीच सॉकेट काढून घ्या. लाईट जाण्यावर छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाईट गेली की राउटरला करंट देणारी बॅटरी, मिळतो, तो घेताना ॲडॉप्टरवर आऊटपुट वाचा, १२ व्होल्ट १ अँपिअर असेल तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतात, पिनचं प्लस-मायनस पण जुळवा. फायबरची वायर ज्यात येती तो डबा राउटरपासनं वेगळा असेल तर त्याला पण बॅकअप पायजे, नुसता राउटर चालू ठेवून नेट येत नाही, इथंच निम्मे लोक फसतात. आणि एवढं करून पण आतली खोली कोरडीच राहिली तर लॅन केबल ओढून दुसरा राउटर ॲक्सेस पॉईंट म्हणून, म्हणजे केबलनं आलेलं नेट त्या खोलीत वाय-फायनं देणारा म्हणून, लावा.