नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलायस ना, मग हे ऐक बाळा
राजकारणावर बोलू नकोस असं मी सांगणार नाही, पण मेसेज फॉरवर्ड करायच्या आधी त्या नेत्याचं नाव घेऊन एकदा प्रार्थना कर, प्रेषित पौलाने बायबलमधल्या 1 तीमथ्य 2 मध्ये राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलीय आणि तेव्हाचे राजे काही आपल्या बाजूचे नव्हते. कोणी रोमकरांस 13 (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा) तोंडावर फेकलं तर प्रेषितांची कृत्ये 5:29 (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे) पण वाच, दोन्ही एकत्रच वाचायचे असतात. आणि चर्चमध्ये शेजारी बसणारा दुसऱ्या पक्षाचा निघाला म्हणून जागा बदलू नको रे, येशूच्या 12 शिष्यांत रोमच्या बाजूच्या सत्तेसाठी कर गोळा करणारा मत्तय होता आणि शिमोन जिलोतही होता (जिलोत म्हणजे कट्टर, हे नाव पुढे रोमविरोधी गटाला पडलं) (जेवताना काय वाद होत असतील देव जाणे!). मत द्यायला मात्र जा, आणि कोणाला दिलंस ते पाळकांनाही सांगायची गरज नाही.