लिनक्सवर गेम विकत घेतले तर पैसे वाया जातील का?

तुमचा प्रश्न असा: निपाणीत सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि ११ या मशीनवर रीतसर बसत नाही, म्हणून दुकानदाराने विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकून दिली. आता गेम खेळायचेत, परवडले तर विकतही घ्यायचेत. पण कोल्हापूरचा मामेभाऊ म्हणतो की लिनक्सवर गेम चालत नाहीत, पैसे पाण्यात जातील. शिवाय घरी ब्रॉडबँड नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट आहे.

मी बेळगावात वडगावला राहतो, एका प्रेसमध्ये डीटीपी करतो. कामावर कोरलड्रॉ असल्यामुळे विंडोज. घरच्या मशीनवर मात्र २०१७ पासून मिंटच आहे आणि गेम त्यावरच खेळतो. तेव्हा ऐकीव काही सांगत नाही.

मामेभावाचं म्हणणं एके काळी खरं होतं. स्टीम, म्हणजे गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ऑनलाइन दुकान, लिनक्सवर आलं २०१३ मध्ये, पण तेव्हा ज्या कंपनीने लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढली असेल तेवढेच गेम मिळायचे. बदल झाला ऑगस्ट २०१८ मध्ये. स्टीमवाल्या वॉल्व्ह कंपनीने 'प्रोटॉन' आणलं. त्याच्या पोटात विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन आहे, ज्याचं काम १९९३ पासून चालू आहे, आणि जोडीला डीएक्सव्हीके आहे.

हे चालतं कसं ते आपल्या बाजारातल्या उदाहरणाने सांगतो. खडेबाजारात गिऱ्हाईक कानडीत साडी मागतं, गल्ल्यावरचा मालक आतल्या पोऱ्याला मराठीत सांगतो, साडी तीच बाहेर येते. प्रोटॉन म्हणजे तो मालक. गेम विंडोजच्या भाषेत, म्हणजे डायरेक्टएक्समध्ये मागणी करतो. डीएक्सव्हीके ती व्हल्कनच्या भाषेत ग्राफिक्स चिपला सांगतं. मधे खोटा प्रोसेसर उभा केलेला नसतो, म्हणून वेगात फारशी घट होत नाही. २०२२ मध्ये वॉल्व्हने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं मशीन काढलं, तेही लिनक्सवरच चालतं. तेव्हापासून नवा गेम अडला तर दुरुस्ती लवकर येते, कारण आता त्यात त्यांचाच धंदा गुंतलाय.

आता काय चालत नाही ते आधी ऐका, कारण पैसे जातात ते इथेच. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे बरेच मोठे गेम लिनक्सवर बंद आहेत. कारण ग्राफिक्स नव्हे, अँटीचीट. फसवणूक पकडणारा हा प्रोग्राम काही गेममध्ये विंडोजच्या थेट गाभ्यात बसतो, आणि लिनक्सवर त्याला तशी जागा नाही. व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, पबजी नाही. ईए एफसीचे अलीकडचे फुटबॉल गेम नाहीत. एपेक्स लेजंड्स काही वर्षं चालत होता, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर कंपनीने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. जीटीए फाइव्हची कथा आजही छान चालते, पण त्याचं ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून अडलंय. यातली चीड आणणारी गोष्ट अशी की ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन्हींनी २०२१ मध्येच प्रोटॉनला दार उघडून दिलंय. परवानगी द्यायची की नाही ते गेमवाल्या कंपनीच्या हातात आहे, आणि कित्येक कंपन्या देत नाहीत. त्यामुळे तुमचा सगळा ग्रुप रोज रात्री व्हॅलोरंटवर भेटत असेल, तर लिनक्सने तुमचं समाधान होणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्ससाठीच बनवलेले आहेत आणि फुकट आहेत. फक्त काउंटर-स्ट्राइक तुमच्या चिपला जड जाईल.

म्हणून कुठलाही गेम घ्यायच्या आधी दोन ठिकाणी बघायची सवय लावून घ्या. एक प्रोटॉनडीबी. तिथे लोक आपापल्या मशीनवरचा अनुभव लिहितात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा 'बोर्क्ड' असा शेरा मिळतो. बोर्क्ड म्हणजे चालतच नाही. नुसता शेरा बघून थांबू नका. खाली उतरा, गेल्या पाच-सहा महिन्यांतले अनुभव वाचा, आणि त्यातही इंटेल ग्राफिक्सवाल्यांचे शोधा. मोठं एनव्हिडिया कार्ड असलेल्या माणसाने दिलेलं प्लॅटिनम तुमच्या लॅपटॉपच्या कामाचं नाही. दुसरं ठिकाण 'आर वी अँटीचीट येट'. ऑनलाइन गेमची अवस्था तिथे एका ओळीत कळते.

तुमच्या मशीनबद्दल. सातव्या पिढीच्या इंटेल चिपवर व्हल्कन नीट चालतं, आणि ड्रायव्हर मिंटमध्ये आधीच असतो, वेगळा टाकायला लागत नाही. चौथ्या पिढीचा लॅपटॉप घेतला असतात तर इथेच गाडी अडली असती. स्टारड्यू व्हॅली, टेरारिया, होलो नाइट, फॅक्टोरियो हे सगळे लिनक्सच्या स्वतःच्या आवृत्तीत मिळतात आणि अशा मशीनवर खेळता येतात. पोर्टल २, लेफ्ट ४ डेड २ हेही. मोठे नवे गेम मात्र या चिपवर विंडोज असतं तरी चालले नसते, त्याचा दोष लिनक्सवर टाकू नका.

एक काम मात्र अवश्य करा: मागचं झाकण उघडून रॅम बघा. ८ जीबीची एकच पट्टी असेल आणि शेजारचा स्लॉट रिकामा असेल, तर तिथे तशीच दुसरी बसवा. या चिपला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच वाटा घेते. दोन पट्ट्या झाल्या की रस्ता दुपदरी होतो आणि गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. माझ्या भाच्याच्या मशीनमध्ये मी हेच केलं होतं, तर तो म्हणाला, "मामा, हा तोच गेम आहे?"

आता माझे तीन दिवस कशात गेले ते सांगतो, म्हणजे तुमचे जाणार नाहीत. माझ्या मशीनवर विंडोजच्या काळातला डी ड्राइव्ह तसाच होता, त्यात जागा भरपूर. स्टीमची लायब्ररी मी तिकडेच ठेवली. गेम उतरला. 'प्ले' दाबलं की बटण निळं व्हायचं, 'रनिंग' दिसायचं, आणि दोन-चार सेकंदांत परत हिरवं 'प्ले'. चूक काय ते सांगणारा एक शब्द नाही. मी ड्रायव्हर बदलले, प्रोटॉनच्या चार आवृत्त्या करून बघितल्या. पहिल्या दिवशी रात्री दोन वाजता शेजारचे मागसुद्धा बंद झाले होते आणि मी अजून प्ले दाबत बसलो होतो. तिसऱ्या संध्याकाळी कळलं: तो ड्राइव्ह एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या फाइल ठेवण्याच्या पद्धतीचा होता. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतं, त्यात 'सी:' नावाची एक जोडणी बनवतं, आणि नावातलं ते विसर्गासारखं चिन्ह एनटीएफएसच्या नियमात बसत नाही. गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर हलवला आणि पहिल्या दाबात चालू झाला. दुकानदाराने तुमची जुनी डिस्क तशीच ठेवली असेल, तर गेम तिच्यावर टाकू नका.

स्टीम बसवताना मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दोन प्रकार दिसू शकतील, एक साधं पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज. साधं घ्या. फ्लॅटपॅकवाल्याला दुसऱ्या ड्राइव्हची परवानगी वेगळी द्यावी लागते, नव्या माणसाचा तिथे गोंधळ होतो. मग स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' उघडून प्रोटॉन सर्व गेमसाठी चालू आहे का ते बघून घ्या. हल्ली बहुतेक आधीच चालू असतं. एखादा गेम अडला तर त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधून 'प्रोटॉन एक्स्पेरिमेंटल' निवडून बघा.

आता पैशांचं. स्टीमवर भारतात किंमत रुपयांत असते, यूपीआयने भरता येते. स्टारड्यू व्हॅलीसारखा गेम पाचशेच्या आत येतो, आणि जूनअखेर व डिसेंबरअखेरच्या सेलमध्ये जुने चांगले गेम त्याहून खाली येतात. तुमच्या भीतीवर उत्तर तिथल्या परताव्याच्या नियमात आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मिळतात. 'माझ्या मशीनवर चालला नाही' एवढं कारण पुरतं. मी दोनदा परत घेतलेत. फक्त गेम उघडा ठेवून सेटिंग जुळवत बसलात तर तो वेळही त्या दोन तासांत मोजला जातो. घेतल्या संध्याकाळीच बसा, पहिल्या तासात जड प्रसंगापर्यंत खेळून बघा आणि निर्णय घ्या.

एपिक आणि जीओजी ही स्टीमसारखीच गेमची दुसरी ऑनलाइन दुकानं. एपिक दर गुरुवारी फुकट गेम देतं. त्यांचं लाँचर लिनक्सवर नाही, पण 'हीरोइक' नावाचं मोफत ॲप एपिक आणि जीओजी दोन्ही चालवतं. जीओजी मला विशेष आवडतं. तिथे गेमला कुलूप नसतं, इन्स्टॉलर आपल्या डिस्कवर उतरवून ठेवता येतो, आणि परतावा ३० दिवसांचा. आणि काहीच खर्च करायचा नसेल तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच सुपरटक्सकार्ट, ओपनटीटीडी, बॅटल फॉर वेसनॉथ आहेत. ०-ए.डी. तर जरूर बघा, त्यात मौर्यांचं सैन्य घेऊन, हत्तींसह लढता येतं.

पेनड्राइव्हवर गेम भरून देणारे निपाणीतही भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. मी एकदा ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाकडून तीनशे रुपयांत 'गेमसकट खातं' घेतलं होतं. दोन महिने मजेत खेळलो, मग एका रविवारी पासवर्ड चालेना आणि तो माणूसही उत्तर देईना. खातं त्याचंच होतं, त्याने बदलून घेतलं. क्रॅक केलेले गेम प्रोटॉनवर चालवायला तर वेगळीच झटापट लागते, आणि आत काय दडलंय ते कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की तुम्ही पैसे देऊन घेतलेला गेम लिनक्सवर खेळलात, तर तो प्रोटॉनवर चालला तरी ती विक्री लिनक्सच्या खात्यात धरली जाते, हे वॉल्व्हने २०१८ मध्येच सांगितलंय. २०१० मधल्या पहिल्या हंबल बंडलमध्ये, म्हणजे काही गेम एकत्र विकणाऱ्या योजनेत, किंमत ज्याने त्याने ठरवायची होती, आणि तिथे लिनक्सवाल्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांपेक्षा जास्त पैसे दिले.  ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेला. निपाणीतून घेतलेला एक गेमही लिनक्सच्या विक्रीत मोजला जातो, म्हणून मी एवढं कळकळीने सांगतोय.

राहिला हॉटस्पॉट. पहिला गेम घेतलात की स्टीम आधी प्रोटॉन आणि त्याचं इतर सामान उतरवतं, ते एक जीबीच्या वर जातं. त्याची तयारी ठेवा. मग डाउनलोडच्या सेटिंगमध्ये 'शेडर प्री-कॅशिंग' (ग्राफिक्सच्या फाइली आधीच उतरवून ठेवणं) बंद करा आणि प्रत्येक गेमला 'फक्त चालू करताना अपडेट' असं सांगून ठेवा, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळी नऊलाच संपेल.

मोठ्या गेमसाठी मामेभावाकडेच जा. प्रोटॉन विंडोजच्याच फाइली चालवतं, त्यामुळे तोच गेम त्याच्या विंडोज मशीनवर असेल तर 'स्टीमॲप्स'मधल्या 'कॉमन' फोल्डरमधून त्या गेमचं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर घेऊन या. गेम तुमच्या खात्यावर तुम्ही विकत घेतलेला हवा, एवढंच. लिनक्सची स्वतःची आवृत्ती असलेल्या गेमला हे लागू नाही, त्याच्या फाइली वेगळ्या असतात. घरी आलात की ते फोल्डर आपल्या ईएक्सटी४ वरच्या लायब्ररीत त्याच जागी, त्याच नावाने ठेवा आणि स्टीममध्ये 'इन्स्टॉल' दाबा. ते आधी आहेत त्या फाइली तपासतं आणि जेवढं कमी असेल तेवढंच उतरवतं. मागच्या दिवाळीत ४० जीबीचा एक गेम मी खानापूरला भाच्याकडे असाच पोचवला, त्याच्या मोबाइलचा डेटा गेला साधारण तीनशे एमबी.