लागली की लावली?

प्रश्न : एकाच दिवसाच्या वर्तमानपत्रात ‘गोदामाला आग लागली’, ‘निकाल लागला’, ‘छडा लागला’, ‘गळती लागली’ असे मथळे दिसले. ‘लागणे’चा नेमका अर्थ कोणता धरायचा?

उत्तर : मुळात चिकटणे, स्पर्श होणे. संस्कृत ‘लग्’ धातूपासून आलेले ‘संलग्न’ आणि ‘लग्न’ हे त्याचेच नातलग. हाताला शाई लागते तिथे हा अर्थ स्पष्ट दिसतो. पुढे तो शेजारच्या शब्दावर ठरतो. छडा लागला म्हणजे उलगडा झाला, पक्षाला गळती लागली म्हणजे माणसे सोडून चालली, वर्णी लागली म्हणजे पद मिळाले. म्हणून एकटा ‘लागणे’ न पाहता आधीच्या शब्दासकट पाहावा. ‘गालबोट लागले’ मात्र जपून. ते लहानशा उण्यासाठी आहे. मिरवणुकीत माणूस दगावला असेल तर त्याला गालबोट म्हणणे निष्ठुरपणाचे होते.

प्रश्न : ‘आग लागली’ आणि ‘आग लावली’ यांत फरक करावा, असे संपादक सांगतात. एवढे काय बिघडते?

उत्तर : बरेच. ‘लागणे’ अकर्मक आहे, लावणारा कोण हे न सांगता वाक्य पुरे होते. ‘लावणे’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न आलाच. कारण कळेपर्यंत ‘आग लागली’ एवढेच लिहावे. ‘आग लावली’ हा आरोप आहे, तो कोणाचा हे त्याच वाक्यात हवे: ‘आग लावल्याची तक्रार मालकाने दिली’.

उलट चूकही होते, आणि ती सहसा लक्षात येत नाही. बालविवाहाच्या बातमीत ‘मुलीचे लग्न लागले’ असे लिहिले की लावणारे सगळे पडद्याआड जातात. 2006च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असे लग्न लावणारे आणि त्याला उत्तेजन देणारेही शिक्षेस पात्र असतात. तिथे ‘लावून दिले’ हेच नेमके. ‘डोक्याला मार लागला’ हेही तसेच. पडून झालेल्या इजेला ते चालेल. काठीने मारले असेल तर ‘मारहाणीत जखमी’ लिहावे.

‘शोध’ या शब्दाशी तर तीन क्रियापदे येतात. पोलिस शोध घेतात, म्हणजे अजून सापडलेला नाही. शोध लागला म्हणजे सापडला. शोध लावला म्हणजे कोणीतरी शोधून काढला, मग तो बेपत्ता माणूस असो वा नवे औषध. घाईत पहिल्याच्या जागी तिसरे पडते आणि न सापडलेला आरोपी मथळ्यात सापडतो.

प्रश्न : ‘पाणी विकत घ्यायला लागले’ हा मथळा बरोबर आहे का?

उत्तर : व्याकरणाने चूक नाही, पण दुहेरी आहे. ‘नागरिक घ्यायला लागले’ म्हणजे सुरुवात केली; ‘नागरिकांना घ्यायला लागले’ म्हणजे नाइलाज झाला. फरक सांगणारा ‘ना’ कर्त्याबरोबरच गळला. सुरुवात असेल तर ‘घेऊ लागले’, सक्ती असेल तर ‘घ्यावे लागले’ लिहावे. जागाही वाचते.

सक्तीच्या रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालते, आणि तेही दोन ठिकाणी: सामना ढकलावा लागला, परीक्षा ढकलावी लागली, सामने ढकलावे लागले. कर्माला ‘ला’ लागला की नपुंसकलिंगी एकवचन: जखमीला न्यावे लागले. मजकूर सुधारताना ‘सामना’च्या जागी ‘स्पर्धा’ येते, एक क्रियापद बदलते, दुसरे राहते. ‘स्पर्धा ढकलावा लागली’ छापले जाते ते असे.

आणि ‘राजीनामा द्यावा लागला’ लिहिलेत तर दबाव कोणाचा होता हे बातमीत दिसले पाहिजे. ते नसेल तर ‘राजीनामा दिला’.

प्रश्न : आदेश ‘जारी झाला’ आणि ‘लागू झाला’ हे एकच ना?

उत्तर : नाही. जारी म्हणजे काढला, लागू म्हणजे अंमल सुरू झाला. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असू शकतात; असतील तर दोन्ही द्याव्यात. निवडणुकीची आचारसंहिता मात्र कार्यक्रम जाहीर होताच लागू होते.

प्रश्न : ‘उसाची लागण’ की ‘लागवड’?

उत्तर : दोन्ही शुद्ध, ऊस पिकवणारे ‘लागण’ सर्रास म्हणतात. पण त्याच बातमीत उसावरच्या रोगाचीही ‘लागण’ असेल, तर पिकासाठी ‘लागवड’ घ्या आणि रोगासाठी ‘प्रादुर्भाव’.