सिंगापूरला एकटीने फक्त खायला जायचंय, एफडी मोडू का?

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं नाव देत नाही, पण परिस्थिती थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. वय २९, चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला, हातात पगार ५८,०००, कर्वेनगरला मैत्रिणीबरोबर फ्लॅट शेअर करते. भाडं ११,०००, गावी आईबाबांना ८,०००, बाकी खर्च १७,०००, एसआयपी १०,००० आणि उरलेले १२,००० 'कुठे जातात ते कळत नाही' असं तिनेच लिहिलंय. बँकेत २ लाखांची एफडी आहे, दिवाळीला ४०,००० बोनस मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस एकटीने सिंगापूरला जाऊन तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली बरेच स्वस्त खाण्याचे स्टॉल असतात तिथे, मनसोक्त खायचंय, बाकी काही बघायचं नाही. पर्याय चार: एफडी मोडायची, एका अ‍ॅपवरून १ लाखाचं ट्रॅव्हल लोन घ्यायचं, एसआयपी थांबवायची, किंवा आई म्हणते तशी ग्रुप टूर करायची. आणि शेवटी विचारलंय, नुसत्या खाण्यासाठी लाखभर रुपये घालवणं चूक आहे का?

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते. अजिबात चूक नाही. तुमची एसआयपी चार वर्षं एकदाही चुकलेली नाही, डोक्यावर कर्ज नाही, घरी न चुकता पैसे जातात, मग वर्षातून एकदा मनापासून आवडणाऱ्या गोष्टीवर खर्च केला तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त तो खर्च आहे हे मान्य करायचं, त्याला 'स्वतःमधली गुंतवणूक' वगैरे नावं द्यायची नाहीत, कारण तसं नाव दिलं की मग माणूस कर्ज काढायलाही तयार होतो. माझं उत्तर असंय की जा, नक्की जा, पण दिवाळीत नको, मार्चमध्ये जा, आणि एफडीला हात लावू नका.

एफडीचं आधी बघू. तुमचा महिन्याचा न टाळता येणारा खर्च ३६,००० आहे, म्हणजे सहा महिन्यांचे झाले २,१६,०००. तुमची एफडी २ लाखांची. म्हणजे ती एफडी नाहीच, तो तुमचा इमर्जन्सी फंड आहे आणि तोसुद्धा जेमतेम. ऑटो पार्ट्सवाल्या कंपन्यांत ऑर्डर कमी झाल्या की काय होतं ते चाकणला नोकरी करून तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. त्यात मेडिक्लेम फक्त कंपनीचाच आहे, म्हणजे नोकरी गेली की तोही गेला. मुदतीआधी मोडली की बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापते ते तर किरकोळच, खरा तोटा हा की मोडलेली एफडी परत तेवढी भरायला वर्ष जातं आणि ते वर्ष तुम्ही उघड्यावर असता.

लोनचा हिशोब तुम्ही पाठवला ते बरं केलं. १ लाख, १४ टक्के, १२ महिने, हप्ता ८,९७९. वर्षाचं व्याज ७,७४५ आणि २ टक्के प्रोसेसिंग फी जीएसटीसकट २,३६०, म्हणजे १०,००० च्या वर गेले, परतीच्या विमान तिकिटाचा तिसरा हिस्सा. आणि मुळात जो माणूस परत आल्यावर वर्षभर ९,००० भरू शकतो तो जायच्या आधी आठ महिने ८,००० बाजूला ठेवूच शकतो ना. तेच पैसे, तोच पगार. तुमचे ते न कळणारे १२,००० आहेत त्यातूनच हे निघतं, म्हणून एसआयपी थांबवायचा प्रश्नच येत नाही. पगार १ तारखेला होतो ना, २ तारखेची ८,००० ची आरडी लावा, या जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत आठ हप्ते, ६४,००० आणि वर साधारण दीड हजार व्याज. महिनाअखेर ऑर्डर करून मागवायचं जेवण आपोआप कमी होईल, आणि खाण्यासाठीच साठवताय म्हटल्यावर ते फारसं जाचणारही नाही.

ग्रुप टूरबद्दल आईंची काळजी मला समजते, मुलगी एकटी परदेशात जाणार म्हटल्यावर कुठलीही आई हेच म्हणेल. पण सिंगापूर हे एकट्या बाईने पहिल्यांदा फिरायला आशियातलं सगळ्यात सोपं शहर आहे, इंग्रजी चालतं, मेट्रो रात्री उशिरापर्यंत असते, आणि हे आईंना शांतपणे बसून दाखवा, नकाशावर रूमपासून स्टेशन किती लांब आहे तेसुद्धा. टूरचा पैशाचा भाग असा की जाहिरातीतला दर दोघांनी एक रूम शेअर करायचा असतो, एकटीला वेगळी रूम हवी तर वर पैसे पडतात. पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो रिटर्न भरताना परत मिळतो पण तोवर अडकतो. तिकीट, रूम सुटं सुटं बुक केलं तर तुमच्या रकमेला तो प्रश्न येत नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे टूरमध्ये सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओ आणि रोज रात्री पनीर आणि डाळ फ्राय. तुम्हाला जे करायचंय ते सोडून बाकी सगळ्याचे पैसे तुम्ही भरणार.

आता खर्च. सिंगापूर डॉलर मी ७० रुपयांचा धरते, थोडं इकडेतिकडे होईल. गंमत अशी की तुमच्या खाण्याच्या ट्रिपमध्ये खाणं हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. रस्त्यावरच्या गाड्यांना तिथल्या सरकारने सत्तरच्या दशकापासून उचलून पाणी, ड्रेनेज असलेल्या छपराखाली आणलं, त्यातली बरीच सेंटर आजही सरकारी देखरेखीखाली चालतात, म्हणून एवढ्या महाग शहरात चिकन राईसची प्लेट ५-६ डॉलरला मिळते, म्हणजे साधारण ४०० रुपये. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत ही हॉकर संस्कृती आली. एकटीने जाण्याचा फायदाही इथेच आहे, प्रत्येक स्टॉल एका माणसाची प्लेट देतो, कुणाबरोबर वाटून घ्यायची गरज नाही. सकाळी काया (नारळ-अंड्याचा गोड जॅम) लावलेला टोस्ट, त्याबरोबर अर्धवट उकडलेली दोन अंडी, त्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड, आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली कोपी, म्हणजे तिथली कॉफी. दुपारी मॅक्सवेल किंवा चायनाटाउन कॉम्प्लेक्स यातलं एक हॉकर सेंटर, संध्याकाळी तिओंग बाहरू मार्केटला तांदळाच्या वाफवलेल्या छोट्या वड्या, वर खारवलेल्या मुळ्याचा मसाला, रात्री लाउ पा सातच्या बाहेर रस्ता बंद करून साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजतात तिथे. दिवसाला पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी ४० डॉलर, पाच दिवसांचे १४,०००.

फक्त चिली क्रॅबचं गणित वेगळं आहे. ते वजनावर मिळतं, एक खेकडा किलोच्या आसपास, १०० डॉलर धरा. त्यावर रेस्टॉरंटमध्ये १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग ९ टक्के जीएसटी, १०० चे १२० होतात, ८,४०० रुपये एका जेवणाचे, आणि टेबलावर न मागता ठेवलेले शेंगदाणे आणि ओले टिश्यू यांचेही पैसे बऱ्याच ठिकाणी लावतात, नको असतील तर बसल्या बसल्या परत करा. तरी मी हे बजेटमध्ये ठेवलंय, कारण तुम्ही त्याच्यासाठीच निघालाय आणि ते न खाता आलात तर वर्षभर चुटपुट लागेल.

खरा पैसा जातो रूममध्ये. साधी प्रायव्हेट रूम १३० डॉलर रात्र धरली तर चार रात्रींचे ३६,४००. फक्त बायकांसाठी असलेल्या डॉर्ममध्ये कॅप्सूल बेड ५५ डॉलरला धरला तर १५,४००. सरळ २१,००० चा फरक, आणि तुम्ही रूममध्ये झोपण्यापुरत्याच असणार. मी कॅप्सूल सुचवेन, पण तुमची झोप सावध असेल, थोड्या आवाजाने जाग येत असेल तर हे वाचवू नका, अर्धवट झोपेत पाच दिवस फिरून खाण्याची मजा जाते.

बाकीचं पटकन सांगते. मुंबईहून जाऊन येऊन विमान २८,०००, पुण्याहून मुंबई एअरपोर्टला बसने किंवा शेअर कॅबने येणंजाणं ३,०००, व्हिसाची फी ३० डॉलर आणि एजंटचे पैसे मिळून ३,५००, ती फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. मेट्रो-बस ३,०००, ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि ईसिम २,०००, हाताशी राखीव १०,०००. खाणं आणि खेकडा धरून कॅप्सूलमध्ये राहिलात तर ८७,३००, रूम घेतली तर १,०८,३००. तुमच्याकडे मार्चपर्यंत आरडीचे साडेपासष्ट हजार आणि बोनसमधले २८,००० असतील, म्हणजे ९३,५०० च्या आसपास. बोनस हातात आला की लगेच विमानाचं तिकीट काढा, चार महिने आधी बरा दर मिळतो, आणि बोनसचे उरलेले १२,००० एफडीच्या जोडीला टाका म्हणजे तो इमर्जन्सी फंड एकदाचा नीट भरत येईल. रूमच हवी असेल तर ट्रिप दोन महिने पुढे ढकला, दोन हप्ते जास्त भरा, कर्ज नको.

मार्च का, तर दिवाळीत तिकिटं चढलेली असतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत जे चायनीज न्यू इयर येतं त्यात कितीतरी हॉकर स्टॉल चार-पाच दिवस, काही तर त्याहून जास्त बंद असतात. एरवीसुद्धा सोमवारी बरेच स्टॉल बंद, मॅक्सवेलचं ते प्रसिद्ध तियान तियान चिकन राईससुद्धा. अमॉय स्ट्रीटच्या हॉकर सेंटरला ऑफिसवाल्यांची गर्दी असते, तिथे शनिवार-रविवार अर्धे स्टॉल मिटलेले. आपल्याकडे चांगली मिसळ जशी अकराला संपते तसंच तिथे, माल संपला की शटर खाली. म्हणून बुधवार ते रविवार जा, शुक्रवारपर्यंत ऑफिसच्या भागातलं उरकून घ्या.

पैसे कसे न्यायचे यावरही थोडं. तुमच्या क्रेडिट कार्डावर ३.५ टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनात खर्च केल्यावर बँक लावते ती जादा रक्कम, आणि त्यावर जीएसटी आहे, म्हणजे ४ टक्क्यांच्या वर. तिथे होणारा खर्च ४५,००० धरला तर १,८०० रुपये नुसते त्यातच गेले, चार प्लेट चिकन राईस. कमी मार्कअपचं फॉरेक्स कार्ड घ्या आणि ३०० डॉलर रोख इथूनच अधिकृत मनीचेंजरकडून घेऊन जा, कारण हॉकर स्टॉलवर रोख नाहीतर तिथल्या बँकेच्या खात्याशी जोडलेला क्यूआर चालतो, कार्ड सगळीकडे घेत नाहीत. मशीनवर 'रुपयात भरायचे की डॉलरमध्ये' असं विचारलं तर दर वेळी डॉलर निवडा, रुपये निवडले की ते स्वतःचा वाईट दर लावतात.

मधल्या काळात नोकरीचं काही डळमळीत झालं, तर आरडी तुमचीच आहे, ती एफडीत वळवायची आणि तिकीट काढलं नसेल तर ट्रिप पुढच्या वर्षी. तिकीट निघालं असेल तर मात्र जाऊन या, ४०,००० मध्ये बाकीचं आटोपतं घ्या आणि क्रॅब सोडा.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. पासपोर्ट पुढच्या जूनमध्ये संपतोय असं लिहिलंय, आणि सिंगापूरला प्रवासाच्या वेळी निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. मार्चमध्ये तुमची तीनच महिने उरलेली असेल. संपायला वर्षभर असल्यापासून रिन्यू करता येतो, त्यामुळे आत्ताच मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या, साध्या अर्जाची फी १,५०० आहे, ती वरच्या हिशोबात मिळवा. कर्वेनगरचा पत्ता द्यायचा असेल तर रजिस्टर्ड भाडेकरार तुमच्या नावाचा आहे का बघा, मैत्रिणीच्या एकटीच्या नावावर असेल तर चालणार नाही, मग पत्त्याचा दुसरा पुरावा जमवायला आणखी दिवस जातात, म्हणून हे या आठवड्यात करा, आरडी २ तारखेला.