बालरुग्णालयात क्लिनिकल पोस्टिंग घ्यायची आहे. तिथे मेडिकलच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करायला मिळतं?

आधी विचारून घ्या, ऑब्झर्व्हरशिप आहे की इलेक्टिव्ह. पहिल्यात नुसतं बघायचं. दुसऱ्यात वरिष्ठांच्या देखरेखीखाली पेशंट तपासता येतो. जमलं तर इलेक्टिव्हच घ्या.

एनआयसीयूची, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची, सगळ्यांनाच ओढ असते, पण हात बसतो तो ओपीडीत आणि वॉर्डात. बाळ आईच्या मांडीवर शांत आहे तोवर पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे, कान-घसा अगदी शेवटी. एकदा भोकाड पसरलं की मोजणी बोंबलली! 2 महिन्यांखाली मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50 आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत 40 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका घ्यायची. डोस वजनावर काढतात, त्यामुळे दशांश चिन्ह दोनदा बघा. आणि हो, अर्जासोबत स्वतःच्या लसीकरणाच्या नोंदी जोडा, त्या बहुधा मागतातच.