दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन पळायची आहे: हलके कार्बन प्लेटचे शूज घ्यावेत का, आणि ते रुळायला किती दिवस लागतात?

आधी रुळण्याबद्दल सांगतो, कारण तिथेच जास्त जणांचं बिनसतं. कोल्हापुरी चपलेसारखे हे शूज तेल-पाणी दाखवून रुळवावे लागत नाहीत. पातळ जाळीचं कापड दोन-तीन रनमध्ये जेवढं सैल व्हायचं तेवढं होतं, पुढे फारसा फरक पडत नाही. दुकानात चावतोय तो शूज नंतर सैल होईल म्हणून घेऊच नका. वेळ द्यावा लागतो तो पोटरीला आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनला. नेहमीच्या ट्रेनरमध्ये, म्हणजे रोजच्या सरावाच्या शूजमध्ये, टाच चवड्यापेक्षा साधारण १० मिमी उंच असते, रेसिंग शूजमध्ये हा ड्रॉप बरेचदा ८ मिमी किंवा त्याहून कमी असतो. मग प्रत्येक पावलाला पोटरी जास्त ताणली जाते.

आता कार्बन प्लेट, म्हणजे सोलच्या फोममध्ये बसवलेली ताठ पट्टी. २०१७ साली गाजलेला सरासरी ४ टक्के ऊर्जाबचतीचा आकडा ताशी १४ ते १८ किमी वेगाने पळणाऱ्या धावपटूंचा होता. दोन तासांची हाफ (२१.१ किमी) म्हणजे ताशी साडेदहा किमी, किलोमीटरला ५:४१. या वेगाला फायदा घटतो आणि माणसागणिक बदलतो. वजनाचंही तसंच: एका शूजमागे १०० ग्रॅम कमी झाले तर साधारण १ टक्का ऊर्जा वाचते. त्यामुळे १८० आणि २१० ग्रॅममधल्या फरकासाठी जादा पैसे मोजू नका. खरी उसळी पीबा नावाच्या हलक्या, लवचीक प्लास्टिकच्या फोममध्ये असते. माझ्या मते २०० ते २४० ग्रॅमचा, पीबा फोमचा, प्लेट नसलेला आणि टाचेखाली रुंद असलेला शूज तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. कार्बनचाच हवा असेल तर घालून एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा. घोटा आत कलंडत असेल, तर थकल्यावर शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये तो आणखी कलंडणार.

माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि रेसचेच मोजे घालून पाहा. सर्वांत लांब बोटापुढे १ सेंमी जागा हवी, आणि ते बोट अंगठाच असेल असं नाही. जागा कमी पडली की नखं काळी पडतात. टाच वर सरकत असेल तर सर्वांत वरच्या भोकातून लेसचा फासा करून बांधा. तरीही सरकली तर मॉडेल बदला. या शूजची जीभ कागदासारखी पातळ असते, म्हणून लेस करकचून बांधली की पायाचा वरचा भाग बधिर होतो.

खरेदी रेसच्या पाच-सहा आठवडे आधी करा. पहिला रन ४-५ किमी, अगदी सावकाश. तीन-चार दिवसांनी रेसच्या वेगाने १ किमीचे तीन तुकडे. पुढच्या आठवड्यात ६ ते ८ किमी टेम्पो, म्हणजे जरा जोरात पण सलग. रेसच्या दोन-तीन आठवडे आधी १६ किमीच्या लाँग रनमधले शेवटचे ८ किमी रेसच्या वेगाने. आधीचं-नंतरचं हलकं धावणं धरून सगळे मिळून ४०-५० किमी पुरेत. लागोपाठ दोन दिवस घालू नका, बाकीचे रन जुन्या ट्रेनरमध्येच करा. पोटरी दुसऱ्या दिवशी थोडी भरून येणं ठीक आहे. सकाळच्या पहिल्या पावलांना अकिलीस दुखत असेल, किंवा पायाच्या मधोमध एका बोटाने दाखवता येईल असं हाड दुखत असेल, तर मात्र थांबा. ताठ प्लेटच्या शूजमध्ये तिथल्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

रेस मुंबईसारख्या दमट हवेत असेल तर एक रन मुद्दाम मोजे भिजवून करा. डोक्यावर ओतलेलं पाणी आणि घाम शेवटी शूजमध्येच उतरतो, आणि कोरड्या पायाला न लागणारी शिवण ओल्या पायाला फोड आणते. फोड येईल तिथे रेसच्या दिवशी आधीच व्हॅसलीन लावा. पाण्याच्या टेबलांजवळ रस्त्यावरच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर पाय टाकू नका, या शूजचं पातळ रबर तिथे सटकतं. घरी आल्यावर आतलं पॅड काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि शूज सावलीत वाळवा, उन्हात नको.